लेपर्ड कासवाचं पिल्लू नागपुरात वाढवताना: ऊब, ओल आणि चारा

लेपर्ड कासवाच्या पिल्लाला पहिली दोन वर्षं ऊब आणि ओल एकाच वेळी लागते. नागपुरात ऊब वर्षातले आठ-नऊ महिने फुकट मिळते. ओल मात्र मार्च ते जूनच्या कोरड्या हवेत टिकत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दोन्ही जातात. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येणं, मूत्राशयात खडा होणं, पिल्लू हळूहळू खाणं सोडून सुकत जाणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून या लेखात घराला आणि ओलीला जास्त जागा दिली आहे. चारा विदर्भात सहज मिळतो, फक्त काय तोडायचं आणि कुठून तोडायचं हे माहीत हवं.

पिल्लू घरी येण्याआधी कागदपत्रं

लेपर्ड कासव आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या गवताळ प्रदेशातलं. आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या साइटिस करारात ते परिशिष्ट २ मध्ये आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा परदेशी प्रजातींची नोंदणी सक्तीची झाली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते आणि प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज जायला हवा. विकणाऱ्याकडे त्याची स्वतःची नोंदणी आणि हस्तांतराचे कागद नसतील तर पिल्लू घेऊ नका. कागद नंतर देतो म्हणणाऱ्याकडून तर नकोच.

यापेक्षा मोठा धोका ओळखण्यातल्या चुकीचा आहे. बाजारात लेपर्ड म्हणून पुष्कळदा आपलं भारतीय स्टार कासव गळ्यात मारलं जातं. ते याच अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. ते घरी पाळणं हा तीन ते सात वर्षं तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. फरक पाहायला पिल्लू उलटं करा. स्टार कासवाच्या पोटाच्या कवचावरही काळ्या-पिवळ्या किरणांची नक्षी असते, लेपर्डचं पोट फिकट असतं आणि त्यावर थोडे ठिपके असतात. पाठीवर स्टारच्या प्रत्येक खवल्यातून पिवळ्या रेषा ताऱ्यासारख्या फुटतात, तर लेपर्डच्या पिल्लात खवल्याला काळी चौकट आणि मध्ये एक-दोन काळे डाग दिसतात. स्टार कासव हाती आलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी (वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राशी) बोला. बागेत किंवा तलावाकाठी सोडून देऊ नका.

आणखी एक हिशेब आधीच करा. आज तळहातावर मावणारं, पस्तीस-चाळीस ग्रॅमचं पिल्लू पुढे ३५-४५ सेंटिमीटर लांबीचं आणि पंधरा-वीस किलोचं होतं, आणि पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दहा वर्षांनी अंगण कुठून आणणार, याचं उत्तर आज तयार असलं पाहिजे.

हे पाण्यातलं कासव नाही

हे वेगळं लिहावं लागतं, कारण घरात कासव म्हटलं की पुष्कळ जण वास्तूच्या विचाराने ते पाण्यात ठेवतात. लेपर्ड कासव पाण्यात राहू शकत नाही. फिशटँकमध्ये किंवा खोल घंगाळात ठेवलं तर ते बुडून मरतं. माशांचं आणि पाणकासवांचं खाद्यही त्याला चालत नाही.

पेटी कशी करायची

पहिल्या दीड-दोन वर्षांसाठी बंद पेटी करा. वरून उघडा ट्रे किंवा जाळीचा पिंजरा नागपुरात उपयोगाचा नाही. एप्रिलमध्ये दुपारी बाहेरची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, त्यामुळे उघड्या ट्रेमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. छत बंद असलं की तेवढंच पाणी चार-पाच दिवस पुरतं.

एका पिल्लासाठी लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा. फर्निचरवाल्याकडून १२ किंवा १८ मिलिमीटरच्या पीव्हीसी फोम शीटमध्ये करून घेतली तर उत्तम. ती भिजत नाही, फुगत नाही आणि ऊब धरून ठेवते. एमडीएफ नको, सहा महिन्यांत तळ फुगतो. प्लाय वापरायचाच असेल तर आतून सनमायका लावा, सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत दहा-बारा दिवस उघडी ठेवा. समोर सरकत्या काचेची दोन दारं घ्या. काचेखालची पट्टी दहा-बारा सेंटिमीटर उंच आणि अपारदर्शक असू द्या, कारण पारदर्शक भिंत आहे हे कासवाला कळत नाही आणि ते तासन्‌तास काचेला धडका देत राहतं. दोन्ही आखूड बाजूंना वरच्या भागात १२ मिलिमीटरची सहा-सहा छिद्रं पुरतात. आत फार घाम साचला तर छिद्रं वाढवा, ओल टिकत नसेल तर एकेक टेप लावून बंद करा. हे नागपुरात ऋतूप्रमाणे करावंच लागतं.

पेटी तळमजल्यावर किंवा मधल्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून ठेवा. गच्चीखालची खोली मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेली असते. टिनाच्या शेडखाली तर अजिबात नको.

तळाची माती

कोकोपीट वापरा. पाच किलोची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटर होते. ९० बाय ४५ च्या तळावर सात सेंटिमीटरचा थर द्यायला सुमारे अठ्ठावीस लिटर लागतं, म्हणजे अर्धी वीट पुरते. दोनदा साध्या पाण्यात धुऊन पिळा, कारण काही विटांत मीठ राहिलेलं असतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपत ओल ठेवा. त्यावर आंबा, जांभूळ किंवा साग यांच्या वाळलेल्या पानांचा पातळ थर द्या. पानं फवारणी नसलेल्या झाडाखालची घ्या. पिल्लू त्यात शिरतं आणि त्याला लपल्यासारखं वाटतं.

पाणी घालताना वरून फवारत बसू नका. चारही कोपऱ्यांत हळूच ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा जवळजवळ कोरडा राहतो. वरचा थर सतत चिंब राहिला तर पोटाच्या कवचाला बुरशी लागते, पांढुरके मऊ चट्टे येतात आणि वास येतो. ९० सेंटिमीटरच्या पेटीत आठवड्याला एक ते दीड लिटर पाणी लागेल, आर्द्रतामापक पाहून कमी-जास्त करा.

वाळू नको, ती चाऱ्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. सुताराकडचा भुसा नको, त्यात प्लायचा डिंक असतो. कूलरच्या ताट्यांतलं वुडवूल इथे जागोजाग मिळतं म्हणून लोक तेही अंथरतात. त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि गिळलेही जातात. वर्तमानपत्रावर पिल्लाचे पाय घसरतात आणि हवा कोरडी राहते.

आतलं सामान थोडकंच ठेवा. फुटक्या मातीच्या कुंडीचा अर्धा भाग आडवा गाडला की लपायला गुहा होते. अशा दोन करा, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. कुंडीखालची मातीची ताटली पाण्यासाठी, काठ मातीच्या पातळीला येईल अशी बसवा. पाण्याची खोली पिल्लाच्या हनुवटीपेक्षा जास्त नको. चारा वाढायला शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा ठेवा. खरखरीत फरशीवर खाताना चोच आणि नखं आपोआप घासली जातात आणि कोकोपीट तोंडात जात नाही.

उष्णता आणि प्रकाश

ही तापमानं कागदावर लिहून पेटीला चिकटवून ठेवा. दिव्याखाली कवचाच्या उंचीवर ३५ ते ३६ अंश, उबदार बाजूला हवेचं तापमान ३० ते ३२, थंड बाजूला २६ ते २७ आणि रात्री कुठेही २५ च्या खाली नाही. आर्द्रता दिवसा ७० टक्क्यांच्या वर, रात्री ८० च्या आसपास. दिव्याखालचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. हवेसाठी दोन डिजिटल तापमान-आर्द्रतामापक घ्या आणि दोन्ही टोकांना, जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर लावा. पेटीच्या मध्यावर, काचेला चिकटवलेला गोल काट्याचा मापक खोटा दिलासा देतो.

दिव्यासाठी ५० वॅटचा पसरट झोताचा हॅलोजन पोर्सिलेनच्या होल्डरमध्ये लावा. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. अरुंद झोताचा दिवा टाळा. तो पाठीवर एकाच ठिकाणी भाजल्यासारखा तापतो, तिथलं कवच सुकवतो आणि आजूबाजूला ऊब पोचत नाही. हिवाळ्याच्या रात्रीसाठी ६० ते १०० वॅटचा सिरॅमिक हीटर हवा, जो उष्णता देतो पण उजेड देत नाही. लाल किंवा निळा रात्रदिवा लावू नका, कासवाला अंधार लागतो. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावायचा नाही. अंडी उबवणीच्या यंत्रांत वापरतात तो एसटीसी-१००० नावाचा थर्मोस्टॅट इथे चालतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याचा सेन्सर उबदार बाजूच्या मध्यावर, कवचाच्या उंचीला बांधा. सेन्सर मातीत पडला तर त्याला थंडी वाटत राहते, हीटर बंदच होत नाही आणि सकाळपर्यंत पेटी भट्टी झालेली असते. म्हणून सेन्सर केबल-टायने पक्का करा.

यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील-बी किरण देणाऱ्या नळीचा प्रश्न वेगळा. यूव्हीबीशिवाय कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की कॅल्शियम हाडात जात नाही, मग कितीही पूड घाला. ४५ सेंटिमीटर उंच पेटीत टी-५ प्रकारची सहा टक्क्यांची नळी, ६० सेंटिमीटर उंचीत दहा-बारा टक्क्यांची. नळी आणि कवच यांच्यात पहिल्या प्रकारात साधारण ३० आणि दुसऱ्यात ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, कारण काच यूव्हीबी अडवते. नळी अर्ध्या पेटीवरच असू द्या, म्हणजे पिल्लाला सावलीत जाता येईल. उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जातो, म्हणून नळी वर्षभरात बदलायची. बदलल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा.

खरं ऊन नळीपेक्षा चांगलं, आणि ते इथे भरपूर आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस वीस ते तीस मिनिटं पुरतात. पण कोवळं ऊन चांगलं ही समजूत इथे अपुरी पडते. सूर्य खाली असताना यूव्हीबी नगण्य असतो. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्या उंचीच्या दुपटीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हाचा फारसा उपयोग नाही. मेमध्ये सकाळी पावणेआठच्या सुमारास सावली त्याहून आखूड होते, डिसेंबरमध्ये नवाच्या सुमारास. मेमध्ये साडेआठला पिल्लू आत घ्या. हिवाळ्यात अकरा ते दोन ठीक.

उन्हात काचेची टाकी किंवा प्लास्टिकचा टब कधीही ठेवू नका. काही मिनिटांत आतलं तापमान जीव घेण्याइतकं चढतं. कुंडीच्या मातीत किंवा हिरवळीवर जाळीचं झाकण असलेली चौकट ठेवा, निम्म्यावर सावली करा आणि तिथेच बसून राहा. घार, कावळा, मांजर आणि मुंगूस यांना हे पिल्लू म्हणजे एक घास आहे. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, म्हणून नळी घ्यावीच.

पिल्लू आणण्याआधी पेटी चार दिवस रिकामी चालवा. दुपारी दोन, रात्री अकरा आणि पहाटे पाच या वेळांचे आकडे लिहा. पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

नागपूरचं वर्ष

मार्चच्या मध्यापासून हॅलोजनचे तास कमी करत जा. खोली ३२ च्या वर गेली की हॅलोजन बंद, फक्त यूव्हीबी नळी बारा तास. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४६ अंश असताना खोलीत कूलर लावला तर तापमान ३० च्या घरात येतं आणि हवेत ओलही येते. डेझर्ट कूलरची ही देणगी लेपर्डच्या पिल्लासाठी एसीपेक्षा चांगली, कारण एसी हवा कोरडी करतो. मात्र कूलरचा झोत पेटीवर सरळ येऊ देऊ नका, तो भिंतीकडे वळवा. कूलरच्या टाकीतलं पाणी कासवाच्या ताटलीत घालू नका, त्यात शेवाळ आणि डासांवरची औषधं असतात.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वीज गेली तर काय करायचं हे आधी ठरवा. फ्रीजरमध्ये एक लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा. वीज गेल्यावर एक बाटली जाड पंच्यात गुंडाळून थंड बाजूच्या कोपऱ्यात ठेवा आणि समोरचं दार दोन बोटं उघडा. कासवाचं अंग चाळिशीच्या पुढे तापलं की तोंड उघडं पडतं, तोंडाला फेस येतो आणि मागचे पाय ढिले पडतात. अशा वेळी बर्फाच्या पाण्यात घालू नका. साध्या, थोड्याशा गार पाण्यात पायांपर्यंत ठेवा, डोकं पाण्याबाहेर धरा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पावसाळा वरवर पाहता सोपा. ओल आपोआप मिळते. पण जुलै-ऑगस्टच्या झडीत तापमान २३-२४ पर्यंत उतरतं आणि गार ओल हीच श्वासाच्या विकारांची मोठी वाट आहे. ओल आणि ऊब बरोबर असली तर पिल्लू टवटवीत राहतं, ओल आणि गारवा एकत्र आले की नाक वाहायला लागतं. म्हणून झडीच्या दिवसांत सिरॅमिक हीटर चालू करायला संकोच नको. छिद्रं सगळी उघडा. राखाडी बुरशी दिसली तर तेवढी माती काढा, थर वरखाली करा आणि उरलेला चारा रोज संध्याकाळी उचला. बुरशीचं मूळ बहुतेक वेळा उरलेल्या पाल्यातच असतं.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. लेपर्ड कासव शीतनिद्रा घेत नाही. थंडीत निपचित पडलेलं पिल्लू झोपलेलं नसतं, त्याचं पचन थांबलेलं असतं आणि पोटातला चारा सडत असतो. पेटीला बाहेरून तिन्ही बाजूंनी दोन सेंटिमीटरचा थर्माकोल लावा. ६० वॅटचा हीटर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, त्याची जोडणी तिथेच ठेवा.

कवच गुळगुळीत राहण्यासाठी

पाठीवरचे पिरॅमिडसारखे उंचवटे जास्त प्रथिनांमुळे येतात असं फार वर्षं सांगितलं गेलं. २००३ मध्ये आफ्रिकेच्या सल्काटा कासवांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हवेतली आर्द्रता हे मुख्य कारण ठरलं, प्रथिनांचा परिणाम किरकोळ दिसला. नवं कवच खवल्यांच्या सांध्यात तयार होतं. ते कोरड्या हवेत भराभर टणक झालं तर नवीन थर आडवा न पसरता खाली दबतो आणि खवला वर उचलला जातो. एकदा आलेला उंचवटा जात नाही, पण हवा सुधारली की पुढची वाढ सपाट येऊ शकते. कवचाला खोबरेल तेल, हळद किंवा पॉलिश लावून यात काही फरक पडत नाही, उलट धूळ आणि बुरशी चिकटते.

रोजची अंघोळ

पिल्लू शंभर ग्रॅमचं होईपर्यंत रोज, नंतर वर्षभर एक दिवसाआड. उंच काठाचा प्लास्टिकचा डबा घ्या. पाणी ३० ते ३३ अंश, म्हणजे मनगटाला ना गार ना गरम. खोली पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे मिळतं त्या सांध्यापर्यंत, हनुवटीखाली. पंधरा ते वीस मिनिटं. हिवाळ्यात डबा दिव्याजवळ ठेवा, पाणी पाच मिनिटांत गार होतं. पिल्लू बहुतेक वेळा पाण्यातच शी करतं. शी केली की पाणी बदला.

या पाण्यात पांढरा द्रव पडतो, त्याच्याकडे रोज लक्ष द्या. टूथपेस्टसारखा मऊ असेल तर पाण्याचं प्रमाण ठीक आहे. बोटांत चोळल्यावर रव्यासारखा लागला तर पिल्लू आतून सुकतंय. अंघोळ वाढवा आणि पेटीची आर्द्रता तपासा. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो आणि तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही.

अंघोळीचा डबा वेगळा ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ते पाणी ओतू नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हात साबणाने धुवा. मुलांना तर हे सांगायलाच हवं.

चारा

लेपर्ड हे चरणारं कासव आहे. ताटात साधारण सत्तर टक्के गवत, पंचवीस टक्के रुंद पानांचा पाला आणि उरलेल्या भागात फुलं व निवडुंग असं धरा.

गवतात पहिला मान हरळीचा, म्हणजे दूर्वांचा. टेकडी गणपतीसमोर जुड्या मिळतात, त्या दोनदा धुऊन द्या. त्याहून चांगलं म्हणजे दोन पसरट ट्रेमध्ये घरीच लावा आणि आलटून-पालटून कापा. मारवेल चालतं, नेपिअरची कोवळी पानंही चालतात. पिल्लाला लांब पातं तोडता येत नाही, ते ओढत राहतं आणि कंटाळून सोडतं. कात्रीने अर्धा ते एक सेंटिमीटर तुकडे करा आणि जास्वंदीच्या चिरलेल्या पानांत मिसळा. पावसाळ्यानंतर वाळलेलं स्वच्छ गवत मिक्सरमध्ये भरडून ठेवलं तर उन्हाळ्यात मूठभर भिजवून पाल्यात घालता येतं. यानेच तंतू मिळतो. तंतू कमी पडला की शी पातळ होते.

पाल्यात जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, भोपळ्याचा आणि दोडक्याचा पाला, केना, पाथरी, एकदांडी. जास्वंद आणि तुती प्रत्येकी एक झाड कुंडीत किंवा अंगणात लावाच, मे महिन्यात हिरवं गवत संपतं तेव्हा हीच दोन झाडं तारतात. फड्या निवडुंगाची कोवळी पानं काटे जाळून किंवा सोलून आठवड्यातून दोनदा. त्यात पाणीही असतं आणि कॅल्शियमही. शेवग्याचा पाला चिमूटभर. घोळ आणि चिवळ आवडीने खातात, पण कॅल्शियम अडवून धरणारं ऑक्झॅलेट जास्त असल्यामुळे दहा दिवसांतून एकदा पुरे. पालक आणि हरभऱ्याची भाजी याच कारणाने नको. कोबी-फ्लॉवरचा पाला क्वचित. काकडी आणि सॅलडच्या पानांत पाणीच पाणी, त्याने पोट भरतं आणि वाढ होत नाही.

नागपुरात राहून संत्र्याबद्दल लिहिल्याशिवाय भागत नाही. संत्र्याची फोड देऊ नका, केळं, पपई, आंबाही नको. लेपर्डच्या आतड्यात गवत आंबवणारे सूक्ष्मजीव असतात. साखर गेली की त्यांचा समतोल बिघडतो, एकपेशीय परजीवी वाढतात आणि जुलाब लागतात. पोळी, भात, डाळ, दूध, कुत्र्याचं खाद्य हे पूर्ण बंद.

विषारी झाडं अंगणातच असतात: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी आणि गाजर गवत. ज्वारीचं कोवळं हिरवं गुरांनाही बाधतं, तेच इथे लागू. कपाशीची पानं जास्वंदीसारखी दिसली तरी नकोत, फवारणी होतेच आणि पानांत गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही असतं. धुऱ्यावरचं आणि संत्र्याच्या बागेतलं गवत तणनाशक मारलेलं नाही याची खात्री मालकाकडून करूनच कापा. तणनाशक मारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंच दिसतं.

किती द्यायचं? पिल्लाच्या कवचाएवढा सैल ढीग, रोज एकदा, अंघोळीनंतर. दिवा लागून तासभर झालेला असावा, म्हणजे अंग तापलेलं असतं आणि पचन सुरू होतं. चार-पाच तासांत संपलं आणि पिल्लू फरशी हुंगत फिरत असेल तर उद्या थोडं वाढवा. वाढवताना गवत वाढवा, पाला नाही.

कॅल्शियम कार्बोनेटची पूड आठवड्यातून तीनदा, बोटांच्या चिमटीत जेमतेम येईल इतकी. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा धुऊन पेटीत कायम ठेवा, पिल्लू गरजेप्रमाणे कुरतडतं. उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांची बारीक पूडही चालते. पानाला लावायचा चुना मात्र कधीही नाही. तो कॅल्शियमच असला तरी दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. ड-३ मिसळलेली पूड रोज ऊन मिळणाऱ्या पिल्लाला लागत नाही. झडीत महिनाभर ऊन मिळालं नाही आणि नळीही नसेल, तरच आठवड्यातून एकदा.

वजनाची वही

दर रविवारी, अंघोळीच्या आधी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. अंघोळीनंतर घेतलं तर प्यायलेल्या पाण्याने आकडा फसवतो. थोडी पण सलग वाढ हवी. सलग दोन आठवडे वजन घटलं तर चारा बदलण्याआधी पहाटेचं तापमान तपासा, दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

अगदी लहान पिल्लाच्या पोटाचं कवच दाबल्यावर किंचित लवतं, ते पहिले काही महिने स्वाभाविक आहे. पण सहा महिन्यांनंतर पाठ मऊ लागत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, डोळे मिटलेले आणि सुजलेले असतील किंवा तीन दिवस काहीच खाल्लं नसेल, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्य गाठा. शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, हे फोनवर विचारा. ताजी शी डबीत घेऊन जा, जंत आणि परजीवी त्यातच दिसतात.

एक औषध नावानिशी लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन. कुत्र्यांना आणि गुरांना जंतांसाठी ते सर्रास दिलं जातं, कासवाला ते प्राणघातक आहे. औषध कोणीही लिहून दिलं तरी त्यात हे नाही ना, असं तोंडाने विचारा.

पिल्लू एकटंच ठेवा. दोन एकत्र ठेवली की एक दुसऱ्याला दिव्याखालून आणि फरशीवरून हुसकावतं. चावा किंवा भांडण दिसत नाही, म्हणून मालकाला वाटतं की दोघांचं छान जमतं, आणि वहीत मात्र एकाचं वजन थांबलेलं असतं. दुसऱ्या जातीच्या कासवाबरोबर तर कधीच नाही. एका जातीत निमूटपणे राहणारे विषाणू आणि मायकोप्लाझ्मा जिवाणू दुसऱ्या जातीत जीवघेणे ठरतात.

दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलं की पेटी १२० बाय ६० ची करा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दुपारी अंगणातल्या कुंपणात सोडायला सुरुवात करता येते. कुंपणाच्या भिंती अपारदर्शक आणि कासवाच्या लांबीच्या दुप्पट उंच असू द्या, वर जाळी, आत हरळी, एका कोपऱ्यात जास्वंदीची सावली. संध्याकाळी सूर्य उतरायच्या आत पिल्लू पेटीत परत आलेलं असावं.